वाचक विचारतात : झिरो-आवर्सची नोकरी आणि ट्रेनिंगचं बिल

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कामाच्या तासांची हमी नाही, पण नोकरी सोडली की 'तुमच्या प्रशिक्षणावर आम्ही एवढे पौंड खर्च केले, ते भरा' असा ईमेल येतो. त्यातली निवडक पत्रं आणि आमची उत्तरं. नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे आहेत. दिवाणी कोर्टाची पद्धत सांगितली आहे ती इंग्लंड-वेल्सची.

प्रश्न : वय २२, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, स्टुडंट व्हिसा. घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका कंपनीत झिरो-आवर्स कॉन्ट्रॅक्टवर लागलो. एप्रिल २०२६ मध्ये इस्टरच्या सुट्टीत तीन दिवस, रोज साडेसात तास वर्गात ट्रेनिंग झालं. घरी बसून सहा तासांचे ऑनलाइन मोड्यूल केले. त्याचे पैसे दिले नाहीत. एप्रिलमध्ये १८ तास आणि मेमध्ये २६ तास काम केलं, दर तासाला १३ पौंड. परीक्षेमुळे नोकरी सोडली. मेचे ३३८ पौंड पूर्ण कापले, वर १२ पौंड मागताहेत. कॉन्ट्रॅक्टच्या सातव्या पानावर 'ट्रेनिंगचा खर्च वसूल केला जाईल' असं वाक्य आहे, आकडा नाही. माझी सही आहे. आता काय? – एक विद्यार्थी, लेस्टर

उत्तर : तुमच्या सहीपाशी आपण नंतर येऊ. आधी हिशेब करू, कारण या प्रकरणात देणं तुमच्याकडे नसून कंपनीकडे निघतं.

२१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन १ एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड आहे. कंपनीने सांगितलेलं, केल्याशिवाय कामावर पाठवणार नाही असं ट्रेनिंग हे कामच असतं. वर्गात असो की घरी लॅपटॉपवर, त्याचे तास किमान वेतनाच्या मोजणीत धरावे लागतात. एप्रिलमध्ये तुमचे तास झाले २२.५ अधिक ६ अधिक १८, म्हणजे ४६.५. त्याला १२.७१ ने गुणलं की ५९१.०२ पौंड होतात. मिळाले १८ गुणिले १३, म्हणजे २३४. कमी पडले ३५७.०२. कंपनीचं बिल ३५० चं (कापलेले ३३८ अधिक वरचे १२) आहे, हे लक्षात घ्या.

आता मे. २६ तासांचं किमान वेतन ३३०.४६ पौंड आणि तुमची कमाई ३३८. सक्तीच्या ट्रेनिंगचा खर्च पगारातून कापायचा झाला तर कापून उरलेली रक्कम किमान वेतनाखाली जाऊ शकत नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट कितीही पक्कं असतं तरी मेच्या पगारातून फार तर ७.५४ पौंड निघाले असते. सगळेच कापल्यामुळे किमान वेतनाची तूट दोन महिन्यांत मिळून ६८७.४८ पौंडांवर जाते. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ धरला नसेल तर तोही यात मिळवा. होम केअरमध्ये हा वेळ सर्रास गिळला जातो, आणि तोही कामाचाच असतो.

हे ट्रेनिंग सक्तीचं होतं हे सिद्ध करायला फार कष्ट नाहीत. काळजी-सेवा देणाऱ्या कंपनीने कर्मचाऱ्यांना योग्य प्रशिक्षण द्यावं हे इंग्लंडमध्ये सीक्यूसीच्या (काळजी-सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१४ च्या नियमावलीतला १८ वा नियमच सांगतो. तुमचं ट्रेनिंग बहुधा केअर सर्टिफिकेटच्या (नव्या केअर कर्मचाऱ्यांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) मानकांवर झालं असेल. शिवाय माणसाला उचलणं-सरकवणं, आग लागल्यावर काय करायचं, असले भाग सुरक्षा कायद्यांत मोडतात. कायद्याने मालकावर टाकलेल्या सुरक्षेच्या कामाचे पैसे एम्प्लॉयीकडून घ्यायला १९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी कायद्याचं ९ वं कलम सरळ मनाई करतं. झिरो-आवर्सवाला दरवेळी 'एम्प्लॉयी' ठरतोच असं नाही, काहींचा दर्जा नुसता 'वर्कर'चा, म्हणजे कमी हक्कांचा, असतो. म्हणून हा मुद्दा जोडीला ठेवा. मुख्य आधार किमान वेतनाचाच, कारण तो वर्करलाही मिळतो.

मग सहीचं काय? पगारातून कपात करायला तीनपैकी एक आधार लागतो : कायदा (इन्कम टॅक्ससारखा), कॉन्ट्रॅक्टमधलं कलम, किंवा आधी दिलेली लेखी संमती. हे १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्याचं १३ वं कलम. तुमच्याकडे कलम आहे, पण ते मोघम आहे. रक्कम किती, किती दिवसांत सोडल्यास, कोणत्या कोर्सची, यातलं काहीच त्यात नाही. अशा मोघम वाक्यावर कापलेले पैसे एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणात) टिकवणं कंपनीला जड जातं. शिवाय कोणतं ट्रेनिंग सक्तीचं आहे आणि कोणत्या सक्तीच्या ट्रेनिंगचा खर्च कंपनी उचलणार नाही, हे वर्करला लेखी कळवणं एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे. तो कागद मागा. बऱ्याच कंपन्यांकडे तो तयारच नसतो.

आता क्रमाने करायचं ते. प्रथम कॉन्ट्रॅक्ट, दोन्ही पेस्लिपा, रोटा, ट्रेनिंगच्या तारखांचे ईमेल आणि ऑनलाइन मोड्यूल पूर्ण केल्याचे स्क्रीनशॉट आपल्या खासगी ईमेलवर घ्या. नोकरी सुटली की कंपनीच्या ॲपमधला प्रवेश बंद होतो आणि निम्मी प्रकरणं तिथेच पुराव्याअभावी लंगडी पडतात. मग कंपनीला ईमेल लिहा. त्यात वरचा हिशेब महिन्यागणिक मांडा, कपात कोणत्या कलमाखाली केली ते विचारा, ट्रेनिंगच्या खर्चाची बाहेरची पावती मागा आणि १४ दिवसांची मुदत द्या. ट्रेनिंग कंपनीच्याच मॅनेजरने घेतलं असेल तर ३५० हा आकडा आला कुठून, हे कंपनीलाही सांगता येत नाही. 'अन्याय', 'फसवणूक' असले शब्द टाळा. आकडे पुरेसे बोलतात.

उत्तर आलं नाही तर दोन वाटा आहेत. एक, किमान वेतनाची तक्रार. सरकारी संकेतस्थळावर त्याचा फॉर्म आहे, किंवा एकासच्या (नोकरीच्या वादांत सल्ला देणाऱ्या आणि समेट घडवणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनला ०३०० १२३ ११०० वर फोन करा. त्यात कंपनीवर थकबाकीच्या दुप्पट दंड बसू शकतो, माणशी २०,००० पौंडांपर्यंत. पण तपास केव्हा संपेल ते आपल्या हाती नसतं. दुसरी वाट एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची, आणि तिथे मुदत फार कडक आहे : कपात झाली त्या दिवसापासून तीन महिने, उणे एक दिवस. पगार २९ मे रोजी झाला असेल तर शेवटची तारीख २८ ऑगस्ट. त्याआधी एकासकडे 'अर्ली कन्सिलिएशन'ची (दाव्याआधीच्या समेटाची) नोंद झालीच पाहिजे. ती झाली की घड्याळ थांबतं. मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद २०२५ च्या नव्या कायद्यात आहे, तरी तुम्ही तीन महिनेच धरून चाला. फी काही नाही, वकीलही लागत नाही.

आणि हे ठळक अक्षरात लिहून ठेवा : दावा 'पगारातून बेकायदा कपात' असाच लावा, 'कॉन्ट्रॅक्टचा भंग' असा लावू नका. कॉन्ट्रॅक्टच्या भंगाचा दावा एम्प्लॉयीने लावला की कंपनीला तिथेच उलट दावा ठोकता येतो. पगार-कपातीच्या दाव्यात ती सोय नाही.

जाता जाता, तुमचं ट्रेनिंग सुट्टीत झालं हे बरं झालं. सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या सात दिवसांत २० तासांची मर्यादा असते. वर्गातले २२.५ तासच ती ओलांडून गेले असते, आणि ते 'काम होतं' असं म्हणून पैसे मागताना व्हिसाचा प्रश्न आपणच उभा केला असता. इतर विद्यार्थ्यांनी ट्रेनिंगच्या तारखा घेण्याआधीच हा हिशेब करावा.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. तीन वर्षांच्या आत सोडल्यास ६,५०० पौंड द्यायचे असं करारात आहे. त्यात 'स्पॉन्सरशिप, स्किल्स चार्ज, प्रशासन, ट्रेनिंग' असं लिहिलंय. आठवड्याला कधी १२ तास देतात, कधी ३०. ती घाबरली आहे, आम्ही इथे सांगलीत काळजीत. – एक वडील

उत्तर : काका, ही रक्कम एकठोक आहे म्हणूनच मोठी आणि भीतीदायक दिसते. ती सुटी करायला लावा. मुलीने कंपनीला एवढंच विचारायचं : प्रत्येक बाबीचे किती?

इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा कर स्पॉन्सरने (परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसावर नोकरी देणाऱ्या कंपनीने) स्वतः भरायचा असतो. मोठ्या कंपनीला तो सध्या वर्षाला १,३२० पौंड पडतो, डिसेंबर २०२५ पूर्वी १,००० होता. तो कर्मचाऱ्याकडून घेताच येत नाही. स्पॉन्सर लायसन्सची फी, त्याचा प्रशासकीय खर्च, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी (एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड), हेही कर्मचाऱ्याच्या माथी मारायला बंदी आहे. मारलं तर कंपनीचं लायसन्सच जाऊ शकतं. यादीतलं अर्धंअधिक इथेच गळतं. मुलीच्या व्हिसाची फी किंवा विमानाचं तिकीट कंपनीने भरलं असेल तर ते मागता येतं. उरलं ट्रेनिंग. त्याला वर लेस्टरच्या उत्तरात सांगितलेली किमान वेतनाची आणि सुरक्षा कायद्याची गाळणी लागते.

आरोग्य आणि काळजी क्षेत्रातल्या परदेशी भरतीसाठी इंग्लंडमध्ये सरकारी आचारसंहिता आहे. २०२२ पासून तिच्यात परतफेडीच्या कलमांबद्दल वेगळा भाग आहे : आधी स्पष्ट सांगितलेलं असावं, खर्च प्रत्यक्ष झालेला आणि प्रमाणात असावा, नोकरीचे महिने जातील तशी रक्कम घटावी, आणि सोडण्यामागचं कारण पाहून सवलत द्यावी. तीन वर्षं एकच ६,५०० हे यातल्या कशातच बसत नाही. संहिता स्वतः कायदा नाही, पण ईमेलमध्ये तिचा उल्लेख आला की कंपन्यांचा सूर बदलतो.

पण आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. १२ तासांचा आठवडा! स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवर वर्षाचा पगार आणि आठवड्याचे तास लिहिलेले असतात. तेवढा पगार द्यायचं कंपनीने गृहखात्याला लिहून दिलेलं आहे. काम नव्हतं म्हणून कमी दिला, ही सबब स्पॉन्सरला चालत नाही. मुलीने सर्टिफिकेटवरचा आकडा आणि प्रत्येक पेस्लिप शेजारी-शेजारी ठेवून महिन्याची तूट काढावी. वर्षभराची तूट बहुतेक वेळा मागितलेल्या रकमेच्या आसपास किंवा वरच जाते.

'गृहखात्याला कळवू' या धमकीबद्दल. पैशांचा वाद हा दिवाणी वाद असतो, त्यावरून व्हिसा जात नाही. नोकरी सुटली हे मात्र स्पॉन्सरला दहा कामकाजी दिवसांत कळवावंच लागतं. त्यानंतर गृहखात्याचं पत्र येतं आणि साधारण ६० दिवस मिळतात. म्हणून क्रम असा : आधी लायसन्स असलेला दुसरा स्पॉन्सर शोधायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, अर्ज करायचा, मंजुरी येईपर्यंत जुनी नोकरी धरून ठेवायची, आणि मग राजीनामा. संतापात आधी राजीनामा दिला की हाती फक्त ते ६० दिवस उरतात. नवा व्हिसा मंजूर होण्याआधी नव्या ठिकाणी काम सुरू करू नये.

प्रश्न : गोदामात झिरो-आवर्सवर होतो. ट्रक चालवायचा होता म्हणून मीच विनंती केली, कंपनीने लायसन्सच्या ट्रेनिंगचे २,४०० पौंड भरले. वेगळ्या कागदावर करार : २४ महिन्यांत सोडल्यास परतफेड, दर महिन्याला चोविसावा हिस्सा कमी. नऊ महिन्यांनी सोडलं. १,५०० मागतात. – स्लाउ

उत्तर : तुमची बाजू कमकुवत आहे. कोर्स तुम्ही मागितला, लायसन्स तुमच्या नावावर आहे, ते कुठेही चालतं, रक्कम लिहिलेली होती आणि महिन्यागणिक घटत होती. स्वतःहून घेतलेल्या ट्रेनिंगचा खर्च, स्वतःहून राजीनामा दिल्यावर, करारानुसार कापला तर पगार किमान वेतनाखाली गेला तरी तो नियमभंग धरला जात नाही. लॉर्न स्ट्युअर्ट कंपनीच्या प्रकरणात अपील ट्रायब्युनलने तसंच म्हटलं आहे. 'ही तर पेनल्टी आहे' हा युक्तिवाद ऐकायला छान, पण नोटीस देऊन रीतसर नोकरी सोडणं हा करारभंग नव्हे, आणि पेनल्टीचा नियम करारभंगाच्या वेळीच लागतो. क्लीव्ह लिंक या होम केअर कंपनीच्या प्रकरणात, जिथे नोकरी बडतर्फीने संपली होती, तिथेही घटत जाणारं ट्रेनिंग-कलम २०१३ मध्ये अपिलात टिकलं.

तरी एक गोष्ट पाहा : पावती. २,४०० मध्ये २० टक्के व्हॅट असेल तर मूळ फी २,००० आहे, आणि व्हॅट नोंदणी असलेली कंपनी ते ४०० बहुधा सरकारकडून परत घेते. मग तिचा खरा खर्च २,०००, आणि उरलेल्या १५ महिन्यांचे होतात १,२५०. हे कागदोपत्री मांडा आणि महिन्याला शंभर-सव्वाशेचे हप्ते मागा. दोनशे-अडीचशे पौंडांसाठी कंपनी सहसा ताणत नाही.

हाच कोर्स फोर्कलिफ्टचा असता आणि त्याच गोदामात ती चालवायला लावली असती, तर उत्तर उलटं झालं असतं. कामावरच्या यंत्राचं पुरेसं प्रशिक्षण चालवणाऱ्याला मिळालेलं असलं पाहिजे, ही जबाबदारी १९९८ च्या नियमांनी मालकावर टाकलेली आहे.

प्रश्न : नर्सरीत आहे. चार महिने शिफ्टच देत नाहीत, काढूनही टाकत नाहीत. दुसरीकडे लागले तर 'नोकरी सोडली' म्हणून लेव्हल टूच्या कोर्सचे पैसे मागतील का? – हाउन्स्लो

उत्तर : दुसरीकडे काम करणं म्हणजे सोडणं नव्हे. झिरो-आवर्स कॉन्ट्रॅक्टमध्ये 'दुसरीकडे काम करू नये' किंवा 'आम्हाला विचारून करावं' असं कलम असलं तरी ते २६ मे २०१५ पासून निष्प्रभ आहे. त्यावरून त्रास दिला किंवा काढलं तर जानेवारी २०१६ पासून ट्रायब्युनलमध्ये जाता येतं, नोकरीचा किमान काळ वगैरे अट नाही. तेव्हा राजीनामा देऊ नका. दर सोमवारी एक ओळीचा मेसेज टाका, 'या आठवड्यात अमुक वेळी उपलब्ध आहे', आणि जपून ठेवा. परतफेड नेमकी कशावर सुरू होते ते कलमात वाचा : 'राजीनामा दिल्यास' की 'कॉन्ट्रॅक्ट कोणत्याही कारणाने संपल्यास'. पहिलं असेल तर कंपनी तुम्हीच थकून राजीनामा देण्याची वाट पाहत असावी. तासांची हमी देणारा प्रस्ताव मालकाने द्यावा अशी तरतूद २०२५ च्या कायद्यात झाली आहे, पण सरकारच्या वेळापत्रकात ती २०२७ ची आहे.

प्रश्न : कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय, ६०० पौंड सात दिवसांत भरा नाहीतर कोर्ट. – रेडिंग

उत्तर : कंपनीने एखाद्या व्यक्तीकडून येणं वसूल करायला कोर्टात जाण्याआधी रीतसर पत्र आणि ३० दिवसांची मुदत द्यायची असते, सात नव्हे. त्या मुदतीत 'रक्कम मान्य नाही, हिशेब आणि पावत्या द्या' असं लेखी कळवा. खरोखर कोर्टाचे कागद आले तर मात्र एक दिवसही दवडू नका. १४ दिवसांत उत्तर, किंवा नुसती पोच भरून एकूण २८ दिवस. गप्प बसलात तर कंपनीला सुनावणीविना निकाल मिळतो, आणि महिन्याच्या आत पैसे न भरल्यास तो तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षं राहतो. पुढे घरभाड्याला, मोबाइलला, सगळीकडे तो आड येतो.

प्रश्न : आपल्याकडे पुण्यात आयटीत बाँड असतो, त्याचं आणि याचं सारखंच का? भावाने दोन वर्षांच्या बाँडवर सही केली आहे. – मँचेस्टर

उत्तर : नाही. भारतात हे प्रकरण मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची किमान सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये हे कलम वैध धरलं. नोकरी चालू असतानाची ही अट धंद्यावरचा निर्बंध नाही, असं न्यायालय म्हणालं. 'बाँडला किंमत नसते' ही कट्ट्यावरची समजूत तेव्हापासून महागात पडू शकते. पण ती सरकारी बँक होती, आणि मधूनच जागा रिकामी झाल्यास जाहिरात-परीक्षा असा भरतीचा सगळा खर्चिक सोपस्कार पुन्हा करावा लागतो, हा मुद्दा तिथे वजनदार ठरला. खासगी कंपनीला कलम ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाई. बाँडवरचा आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. आठवडाभराच्या इंडक्शनला पाच लाख लावले असतील तर ती वाजवी कशी, ते कंपनीला पटवून द्यावं लागेल. भावाने बाँडची प्रत मागून घ्यावी, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला दिल्या असतील तर त्या नोकरीत असतानाच, चांगले संबंध आहेत तोवर, परत घ्याव्यात.